नलूमावशी आणि माझं पथ्य

नलूमावशी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या सोफ्यावर बसल्याच नाहीत. दारात चपला काढल्या, "काय गं, लागलं का घर?" असं हवेत विचारलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये आम्हाला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. खोकी अजून जिन्यात पडली होती. साठी ओलांडलेली, पांढऱ्या केसांचा बॉबकट केलेली एक अनोळखी बाई आपल्या फ्रीजमध्ये डोकं घालून उभी आहे, हे बघून मी आणि माझा नवरा मंदार एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मावशींनी दूध, अंडी, लोणच्याच्या बरण्या यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली वाकून त्यांनी भाजीचा कप्पा ओढला. त्यात काळी पडलेली कोथिंबिरीची जुडी, अर्धं लिंबू आणि चार बटाटे होते.

"शाकाहारी आहात ना तुम्ही?"

"हो."

"मग भाजी कुठाय?"

मी शाकाहारी घराण्यात वाढलेली, सदाशिव पेठेतली मुलगी. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी गडबडून बटाट्यांकडे बोट दाखवलं. मावशींनी कप्पा आत ढकलला, फ्रीज लावला आणि आपल्या घरी निघून गेल्या. पाच मिनिटांत परत आल्या त्या मेथीची जुडी, वाटीभर भिजवलेली मुगाची डाळ आणि अर्धा खोवलेला नारळ घेऊन. "जेवून घ्या. मी शेजारी राहते. भिंत एकच आहे आपली," म्हणाल्या. मला त्या दिवशी त्यांचा रागच आला होता, हे कबूल करून टाकते.

मावशी मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन इकडे आल्या, इथल्या परीक्षा दिल्या आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या. त्यांचे यजमान मी पाहिले नाहीत, ते आम्ही येण्याआधीच गेले. मुलगा पार पलीकडे व्हर्जिनियात, हर्नडनला. मावशींचं लॅबमधलं काम एकच. पॅप टेस्टमध्ये बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरून पेशी खरवडून घेतात, त्या पेशींच्या काचपट्ट्या बघायच्या. काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सुरुवात करायची, सरळ खाली यायचं, जरा सरकून परत वर जायचं, आणि अशी अख्खी काच पालथी घालायची. एखादी पेशी संशयास्पद वाटली की तिच्या शेजारी बारीक पेनानं ठिपका द्यायचा. त्या ठिपक्यापाशी मग मोठे डॉक्टर बघणार आणि निकाल देणार.

मावशी निवृत्त झाल्या, पण ही सवय काही निवृत्त झाली नाही. त्या तांदूळ निवडायच्या तेसुद्धा ताटाच्या डाव्या कोपऱ्यापासून. मेथी निवडताना एक पान हुकायचं नाही. आमच्या घरी आल्या की पॅन्ट्रीतली फळी न् फळी बघायच्या आणि पर्समधलं ते बारीक पेन काढून पाकिटांवर ठिपके द्यायच्या. आमच्या लेकीच्या, इराच्या सिरियलच्या खोक्यावर ठिपका, मंदारच्या चिप्सवर ठिपका, माझ्या 'हेल्दी' म्हणून आणलेल्या ग्रॅनोलावर तर दोन. मंदार एकदा चिडून म्हणाला, "मावशी, फेकूनच द्या ना मग." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कशाला फेकू? ठिपका म्हणजे निकाल नाही रे बाप्पा. ठिपका म्हणजे इथं परत एकदा बघा. बघ, वाच मागचं लेबल, आणि मग खा खायचं तर." मंदारनं लेबल वाचलं आणि चिप्स खाल्ले. पण पुढच्या वेळी छोटं पाकीट आणलं.

स्वतः मावशी काही संतमहात्मा नव्हत्या. दर रविवारी त्या सांबारवडी करायच्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भरपूर कोथिंबीर, खोबरं, खसखस वगैरेचं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून कढईत तळायचं. ती वडी तेलातून काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते मेथीच्या वेळी मी कधी पाहिलं नाही. "ही पालेभाजीच आहे," असं त्या डोळा न लवता सांगायच्या आणि चौथी वडी उचलायच्या.

खाण्यापिण्यावर त्या एवढ्या का तुटून पडतात, ते मी एकदा विचारलं. त्या मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. तीन हात रुंदीच्या त्या जागेत त्यांनी मेथी, लाल माठ, अंबाडी, पुदिना आणि एका पिंपात चक्क शेवगा लावला होता. म्हणाल्या, "शरीरात फोलेट कमी पडलं, बी-ट्वेल्व्ह कमी पडलं, की पेशी उगाच फुगतात. काचेखाली मोठ्या मोठ्या दिसतात. बघणारा दचकतो, काय भयंकर आहे म्हणून. आणि असते काय? बाई नीट जेवत नाही. सगळ्यांना जेवायला वाढते आणि स्वतः चहा-खारी खाऊन राहते. मी ते काचेवर बघितलंय गं." मग पाइप दुसऱ्या कुंडीकडे वळवून त्यांनी मला एचपीव्ही नावाच्या विषाणूबद्दल सांगितलं. तो शिरला की पेशीचं केंद्र बेदाण्यासारखं सुरकुततं आणि भोवती पांढरं कडं दिसतं. बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला आपणहून घालवून देतं. काहींच्यात मात्र मुक्काम ठोकतो, आणि तिथंच पुढं कॅन्सरची भीती. मी "हो का?" म्हणत ऐकत होते. लक्ष अर्धं फोनकडे होतं. मला काय करायचंय त्याच्याशी, असंच वाटत होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आमच्या ओळखीच्या बायकांना घरी बोलावलं होतं. कुणी वाणात काचेचे डबे आणले होते, कुणी सुगंधी मेणबत्त्या. मावशींनी अंगणातल्या मेथीच्या जुड्या आणल्या. प्रत्येक जुडीला दोरा आणि दोऱ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलेलं: 'शेवटची पॅप टेस्ट कधी केली?' पैठणी नेसलेल्या पंचवीस बायकांनी ती एकदमच वाचली. एका काकूंनी चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये खोचली. सासूबाईंबरोबर आलेली एक नवीन सून तर अशी लाल झाली की मलाच कसंतरी वाटलं.

कोंडी फोडायला म्हणून एकीनं विचारलं, "मावशी, ही मेथी खाल्ली की ते एचपीव्ही वगैरे होत नाही का? ग्रुपवर आलं होतं काहीतरी हळदीच्या पाण्याचं."

मावशी उभ्या राहिल्या. "ऐका. भाज्या, फळं, डाळी असं चौरस खाणाऱ्या बायकांच्या शरीराला हा विषाणू बाहेर काढायला मदत होते, कदाचित. कदाचित. लिहून घेतला का हा शब्द? ग्रुपवर पाठवताना तेवढाच गळतो म्हणून विचारून राहिले."

"मग नक्की काय करायचं?"

"नक्की दोनच गोष्टी. पोरींना लस द्यायची. आणि आपण तारखेला जाऊन तपासून यायचं. जेवायचं तर आहेच, ते काय मी सांगायला पाहिजे का?" आणि त्या तिळगूळ घ्यायला बसल्या.

त्या संध्याकाळी माझी खूप चिडचिड झाली. माझ्या घरी, माझ्या कार्यक्रमात, हे काय! पण पाहुण्या निघाल्या तेव्हा दारात चपला घालताना चार-पाच जणी रेंगाळल्या आणि हळूच मावशींच्या कानाला लागल्या. ती लाल झालेली सूनही त्यांत होती. मावशी सगळ्यांना एकच विचारत होत्या, "डॉक्टर बाई पाहिजे की कोणीही चालेल?" मीही माझी तपासणी चार वर्षं पुढं ढकलली होती. बाकीच्यांच्या आधी आपणच अपॉइंटमेंट घ्यावी, म्हणजे मावशी मला विचारणार नाहीत, असा हिशेब करून मी ती घेतली.

मार्च महिन्यात माझा रिपोर्ट फोनवरच्या ॲपमध्ये आला. मी सांता क्लाराच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये होते. एचपीव्ही पॉझिटिव्ह. पेशींमध्ये काही बदल. दोन आठवड्यांत कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून नीट बघण्याची तपासणी. समोर कुणीतरी स्लाइड बदलत होतं आणि मला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? मंदारचा. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे मावशींनी सांगितलं होतं. मग मीच मला झापलं. मग मला वाटलं, मी मंदारला सांगितलं तर तो माझ्याबद्दल हाच विचार करेल. घरी येताना फ्रीवेवर माझा एक्झिट चुकला.

मी कुणालाच सांगितलं नाही. आणि त्यानंतर मी जे केलं ते फक्त आपल्याकडचंच माणूस करू शकतं. आमचे बाबा रक्तातली साखर तपासायची तारीख आली की आठवडाभर आधी गोड बंद करायचे, कारल्याचा रस घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ फिरायचे. रिपोर्ट 'चांगला आला' की लॅबमधून परतताना जिलबी घेऊन घरी. आमच्या घरी यात कुणाला काही चुकीचं वाटायचं नाही. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेला अभ्यास न करता कोण जातं? मी कोल्पोस्कोपीची तारीख पुढं ढकलली आणि अभ्यासाला बसले. चाळीस दिवसांचं पथ्य आखलं. साखर बंद, चहा बंद, पोळी-भात बंद. सकाळी केल ही इथली पालेभाजी आणि पालक यांचा रस, दुपारी ब्रोकोली, संध्याकाळी फळं आणि हळदीचं पाणी. शरीर आतून धुऊन काढायचं, विषाणूला हाकलायचं आणि मग स्वच्छ होऊन टेबलावर जाऊन झोपायचं. म्हणजे रिपोर्टही स्वच्छ, आणि कुणाला काही सांगायलाही नको.

तीन आठवड्यांत माझं वजन उतरलं. केस गळायला लागले. मीटिंगमध्ये डोळ्यांपुढं अंधारी यायची. इरा, चौदा वर्षांची, म्हणाली, "आई, यू लुक ग्रे." मंदारला वाटलं मी डाएट करतेय, त्यानं कौतुकच केलं. पुढं ढकललेली तारीख चाळीस दिवसांच्या आतच आली. माझा अभ्यास पुरा झाला नव्हता. मी ती तारीखही कॅन्सल केली.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी नलूमावशी डबा परत द्यायला म्हणून आल्या आणि सवयीनं फ्रीजकडे वळल्या. त्यांनी भाजीचा कप्पा ओढला. आमच्या इतिहासात तो कधी एवढा भरलेला नव्हता. केल, पालक, ब्रोकोली, सेलरी, सहा लिंबं, आलं, ओली हळद. मला वाटलं, आता तरी ही बाई खूष होईल. मावशींनी वाकून डावीकडून उजवीकडे सगळं बघितलं. मग फ्रीज लावला, माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, "कोणाचा रिपोर्ट आलाय?"

मी रडायलाच लागले. मंदार दुकानात गेला होता, इरा वर तिच्या खोलीत. मी ॲप उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला, अगदी लॅबच्या पत्त्यासकट.

"ही तारीख मार्चची आहे. मग दुर्बिणीत काय दिसलं?"

"गेले नाही अजून. पथ्य करतेय. ते पुरं झालं की जाते."

मावशींना रागावलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "परीक्षा आहे का ती? हां? पेपर सोपा जावा म्हणून अभ्यास करून राहिली तू? अनुजा, त्या डॉक्टरला तुझे मार्क नाही द्यायचेत. आत जे आहे ते आहे तसं बघायचंय तिला. ते झाकून, धुऊन, उपाशी मारून तू कोणाला फसवून राहिली?"

"पण तुम्हीच म्हणता ना, खाण्यानं..."

"मी म्हणते जेवा! हे जेवण आहे का? डाळ कुठाय यात? दही कुठाय? पेशी काय चाळीस दिवसांत घासून निघायला भांडी आहेत? अगं, खाणं वर्षानुवर्षं कामी येतं, महिन्याभराचं काम नाही ते. आणि शरीराला लढायचं आहे म्हणतेस, तर लढणाऱ्याला उपाशी ठेवून कोणी लढाईला पाठवतं का? अन् समजा, आत खरंच काही वाढून राहिलं असेल, तर तुझा पालकाचा रस संपेपर्यंत ते थांबणार आहे का?"

हे शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्चीत बसले. तोवर मला खरंच वाटत होतं की मी काहीतरी करते आहे. मी पळत होते, एवढंच.

मग मी त्यांना ते दुसरंही सांगितलं. मंदारचं. माझ्या मनात काय आलं ते, आणि त्याच्या मनात काय येईल याची भीती. मावशी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "हा विषाणू कित्येक वर्षं गप्प पडून राहतो. कधी आला, कोणाकडून आला, जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. मी तर काचेवर रोज बघायची, मला कधी कळलं नाही. त्याला चोर ठरवू नको, स्वतःलाही ठरवू नको. अन् 'पॉझिटिव्ह' म्हणजे ठिपका आहे गं नुसता. इथं परत बघा, एवढंच." त्या उठल्या. "आता असं करायचं. मंदार आला की तू त्याला सांगायचं. मी इथं डाळ फोडणीला टाकते. तुमचं बोलणं मला ऐकू येणार नाही, एवढी मोठी फोडणी करते."

मंदार आला. मी त्याला हॉलमध्ये बसवून सगळं सांगितलं. आत खरोखरच मोहरी, हिंग, लसणीचा असा काही आवाज आणि वास उठला की मलाच मोठ्यानं बोलावं लागलं. मंदारनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. मग तो म्हणाला, "तारीख कधीची आहे?"

"कॅन्सल केली."

"पुढं ढकललेलीसुद्धा?"

"तीसुद्धा."

"मग परत घे ना यार. मी ड्राइव्ह करतो. एवढे दिवस एकटी काय करत होतीस तू?"

एवढंच. ज्या प्रश्नाला मी दीड महिना घाबरत होते तो त्यानं विचारलाच नाही. वर जिन्यात इरा उभी होती. आमच्या मोठमोठ्या बोलण्यानं बाहेर आली असावी. "आर यू गाइज टॉकिंग अबाउट एचपीव्ही?" ती म्हणाली. "आय गॉट द शॉट्स फॉर दॅट. लाइक, इन मिडल स्कूल. इट्स जस्ट अ व्हायरस, आई." लस द्यायला तिला मीच घेऊन गेले होते. फॉर्मवर सही माझीच होती. लेकीला लस देणारी मी, तो विषाणू मला होऊ शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत मावशी हसल्या, म्हणजे फोडणीतूनही त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी मी वरण-भात, वर लिंबू, तूप आणि मेथीची भाजी खाल्ली. इतकं चांगलं जेवण मी त्याआधी किती वर्षांत जेवले होते, सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात कोल्पोस्कोपी झाली. मंदार वेटिंग रूममध्ये बसला. मावशीही आल्या होत्या, पण गाडीतून उतरल्या नाहीत. "मी आत आले की त्यांच्या सूक्ष्मदर्शकात डोकं घालीन," म्हणाल्या. डॉक्टर तरुण होती, हसरी. तिनं व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं, त्या वासानं मला माझ्या पथ्यातल्या सॅलडची आठवण झाली आणि टेबलावर झोपल्या झोपल्या हसू आलं. एक छोटा तुकडा काढून घेतला. चिमटा बसला, संपलं. ज्याला दीड महिना भ्याले ते काम पंधरा मिनिटांचं होतं. बाहेर आले तर मावशी दहीभाताचा डबा उघडून तयार. पार्किंग लॉटमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी तो चमच्यानं खाल्ला.

आठ दिवसांनी निकाल आला. सौम्य बदल, उपचाराची गरज नाही, शरीर बहुधा आपणहून निस्तरेल, वर्षभरानं परत तपासू. मावशींनी तो तीनदा वाचला. मग म्हणाल्या, "वर्ष आहे आपल्याकडे. नीट जेवू."

ते वर्ष मला फार सुखाचं वाटतं आठवायला. मावशींनी मला कसलाही तक्ता लिहून दिला नाही. ताटात तीन रंग हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं. एक हिरवा, एक डाळीचा, तिसरा कुठलाही. मंगळवारी अंगणातला लाल माठ यायचा, गुरुवारी अंबाडी. मी ऑफिसातून चिडून आले की त्या भिंतीवर दोन टकटक करायच्या, म्हणजे ये जेवायला. चहा परत सुरू झाला. सणाला पुरणपोळी झाली. रविवारी सांबारवडी. एकदा मी घाबरत विचारलं, "तळलेलं चालेल ना मला?" तर म्हणाल्या, "एक वडी खाल्ल्यानं कोणी मरत नाही, अन् एक जुडी खाल्ल्यानं कोणी वाचत नाही. रोजचं काय ते बघ." माझे केस गळायचे थांबले. झोप लागायला लागली. मनात भीती असायचीच, पण ती कोपऱ्यात बसून असायची. ताटावर येऊन बसायची नाही.

वर्ष संपत आलं आणि मावशींच्या मुलानं त्यांना हर्नडनला न्यायचं ठरवलं. गुडघे दुखत होते, जिना चढवत नव्हता. "तिकडे थंडीत मेथी येणार नाही," ही त्यांची एकमेव तक्रार. कुंड्या मला दिल्या. शेवग्याचं पिंप भिंतीच्या माझ्या बाजूला आणून ठेवलं. माझी तपासणी त्या जाण्याच्या आधीच्या आठवड्यात झाली होती. रिपोर्ट यायचा होता.

त्या निघाल्या ती सकाळ मंगळवारची होती. मुलगा दोन बॅगा मंदारच्या गाडीत ठेवत होता, मंदार त्यांना विमानतळावर सोडणार होता. मावशी आपल्या रिकाम्या घराच्या पायरीपाशी स्वेटर घालून उभ्या होत्या. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. ॲपचं नोटिफिकेशन होतं. माझं बोट त्याच्यावर टेकेना.

"आण इकडे," मावशी म्हणाल्या.

त्यांनी फोन घेतला, चष्मा लावला, आणि वाचायला लागल्या. मुलगा म्हणाला, "आई, लेट होतंय." त्यांनी वर पाहिलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते, पायांत चपलाही नव्हत्या. किती वेळ गेला कोण जाणे.

"विषाणू सापडला नाही," त्या म्हणाल्या. "पेशी नॉर्मल आहेत. सगळं नॉर्मल आहे गं."

मी मंदारला मिठी मारली, तिथंच, रस्त्यावर. मग मागं वळून बघते तर मावशी पायरीवर बसल्या होत्या. फोन मांडीवर, चष्मा हातात, आणि डोळे नुसते वाहत होते. मावशी रडतात हे मला माहीतच नव्हतं. मी धावत जाऊन त्यांच्यापाशी बसले.

"मावशी, अहो, चांगला आलाय ना रिपोर्ट?"

"हो गं. चांगलाच आलाय." त्यांनी ओढणीनं डोळे पुसले. "एकतीस वर्षं काचा बघितल्या मी. किती, त्याची गणती नाही. काचेवर नाव असायचं अन् जन्मतारीख. एवढंच. वाईट दिसलं की ठिपका द्यायचा अन् काच पुढं पाठवायची. त्या बाईचं पुढं काय झालं, ती गेली का डॉक्टरकडे, सुटली का त्यातून, एकदाही कोणी येऊन मला सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? मी घरी येऊन स्वयंपाक करायची अन् मनात यायचं, आजच्या त्या जन्मतारखेचं काय झालं असेल?"

मी त्यांच्या मांडीवरचा फोन उचलून बाजूला ठेवला.

त्यांनी माझी हनुवटी दोन्ही हातांत धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. कपाळापासून खाली, सावकाश, काही सुटू नये अशा बघत राहिल्या. मुलानं पुन्हा हाक मारली तरी त्यांचे हात निघाले नाहीत.

"अशी दिसते होय," त्या म्हणाल्या, "सुटलेली बाई."

मग उठल्या, गाडीत बसल्या. कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनपाशी गाडी थांबली तेव्हा मला त्या दिसल्या. पुढं न बघता, सीटवर पूर्ण वळून, मागच्या काचेतून त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या.